सॅलमँडरची दुसरी कुस्ती

चिगुसाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं. फेब्रुवारीच्या गारठ्यात देवदारांखालच्या ओढ्यात गुडघाभर उभा, हातात उचललेला दगड.

"तो जसा होता तसाच ठेवा. शेवाळाची बाजू वर."

तो दचकून वळला. दगडाच्या पोटाला सॅलमँडरच्या अंड्यांची पिशवी लटकत होती, काचेसारखी नितळ. त्याने दगड तसाच हलकेच पाण्यात टेकवला... आणि हसला. हसू बरं होतं. चिगुसाने लगेच कबूल केलं नाही, एवढंच.

हा शूहेई, समुद्रापलीकडच्या मात्सुएच्या मत्स्यालयातला. पालीसारखा दिसणारा, बेडकाच्या जातकुळीतला हा सॅलमँडर जगात फक्त जपानच्या या दोगो बेटावर सापडतो. त्याची पैदास मात्सुएला न्यायची की बेटावरच ठेवायची, हे मत्स्यालयाने त्याच्यावर सोपवलं होतं. बंद पडलेल्या शाळेत पिल्लं वाढवणारी चिगुसा हे ऐकून गप्प बसणार थोडीच! तिने पैज लावली. अंडी निम्मी-निम्मी, खोली एकच. ज्याची जास्त पिल्लं कल्ले झडून पाण्यातून जमिनीवर चढतील, सॅलमँडर त्याचे.

तिच्याकडे ओढ्याचं पाणी, त्याच्याकडे पाणी गार करणारं यंत्र. पिल्लं एकत्र ठेवली तर एकमेकांचे पाय कुरतडतात, म्हणून प्रत्येकाला वेगळी वाटी. वाट्यांवर वाकलेली दोन डोकी, मधे एकच टेबल... नजरा कुठवर चुकवणार?

"तुमचं यंत्र घोरतं," ती म्हणायची.

"मग रोज त्याच्याच शेजारी का बसता?"

यावर ती चिमट्यातला गांडुळाचा तुकडा फार लक्षपूर्वक न्याहाळायची.

उन्हाळा सरता सरता वादळ झालं आणि ओढ्याचं पाणी गढूळ, कोमट आलं. त्याचं गार पाणी हाताच्या अंतरावर होतं. पण मागेल ती चिगुसा कसली! सकाळी येऊन पाहते तर तिच्या सगळ्या वाट्यांत नितळ पाणी. तो आपल्या पिल्लांचे कल्ले किती आक्रसले ते पाहत होता, जणू आपण त्या गावचेच नाही. तरी तिची बरीच पिल्लं गेली. कल्ले झडलेली पिल्लं वाट्यांतल्या उतरत्या दगडावर चढू लागली, तेव्हा त्याची जास्त निघाली.

त्याच आठवड्यात देवळाच्या नव्या छपराच्या आनंदात कुस्त्या झाल्या. शूहेईही रिंगणात उतरला. चिगुसाच्या दादाने, तेप्पेईने, त्याला पहिल्या फेरीत उताणा पाडला. दुसऱ्या फेरीत शूहेईने तेप्पेईला. मग काय, शंखांच्या रश्शाबरोबर तीच गोष्ट तो गावभर वाढत सुटला. गाव माना डोलवत होतं, हसू गालातल्या गालात दाबत.

मात्सुएला न्यायच्या पिल्लांचे डबे बांधतानाही त्याची तीच बढाई चालली होती. चिगुसाच्या डोळ्यांत पाणी होतं, ते लपवायला तिने तोंड उघडलं.

"दादा मुद्दाम पडला. इथे पहिली फेरी जिंकणारा दुसरी हरतोच. नाहीतर एवढ्याशा बेटावर रोज एकमेकांची तोंडं कशी बघायची?"

त्याचे हात थांबले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. नको ते बोलून गेले, असं तिला झालं.

"मग आपली दुसरी फेरी कुठे झाली?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"पहिली मी जिंकलो. मत्स्यालयाला कळवतो, निकाल अर्धाच लागलाय." त्याने बांधलेली दोरी सोडायला घेतली. "पुढच्या वर्षी हरायचंय मला. आणि बरोबरी झाली की... कुणीच कुणाला घेऊन जात नाही ना?"

"मुद्दाम हरलात तर ओढ्यात बुडवीन. मी खरीखुरी जिंकणार आहे."

"मला चालेल. फक्त समोर तुम्ही हव्यात. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्याही."

चिगुसाने मान ताठच ठेवली. गाठ मात्र त्याला सुटत नव्हती. तिने बोटं पुढे केली, दोरीवर दोघांचे हात भेटले आणि तिने आपला मागे घेतला नाही.

"उद्यापासून दादाकडे जायचं, कुस्ती शिकायला," ती म्हणाली. "बेटावरच्या माणसाला नीट पडता तरी यायला हवं."