अक्रोडाचा पाळणा

हे माझ्या मेहुण्याच्या घरात घडलं, पोरांनो. धाकट्या बहिणीचा नवरा. धंद्याने सुतार, आणि भुताखेतांवर हसणारा.

एकदा तो रस्त्याकडेचा पडलेला अक्रोड आणायला गेला. त्या झाडाखाली गवताचं पातंही उगवायचं नाही. तिथला माळी म्हणाला, "हे झाड आसपास कुणाला वाढू देत नाही हो. मुळातच विष आहे त्याच्या. लाकूड घरात नेऊ नका."

"फुकट ते पौष्टिक!" मेहुणा हसला. "मी काय लाकूड पेरणार आहे?"

लग्नानंतर किती वर्षांनी मुलगा झाला होता! मोठ्या हौसेने त्याने त्या लाकडाचा पाळणा केला.

बाळ त्यात गाढ झोपायचं. रडणं नाही, कुरकुर नाही. सगळे म्हणाले, गुणाचं आहे. पण तीन महिने झाले तरी पहिल्या दिवशीचं झबलं त्याला सैलच. दूध पोटभर प्यायचं. डॉक्टरांनी हात टेकले. बहीण माझी रडून रडून अर्धी झाली.

ऑक्टोबरमधला शेवटचा रविवार. रात्री दोनच्या सुमारास मेहुणा पाणी प्यायला उठला. बघतो तर पाळणा हलतोय. बायको झोपलेली. खिडक्या बंद...

तो वाकला. बाळाचे डोळे सताड उघडे. आणि पाळण्यातून पानांची सळसळ...

तो बाळाला उचलायला गेला.

उचलेना.

दोन्ही हातांनी ओढलं. पाठीखाली काहीतरी तटातट तुटलं... रोप उपटताना तुटतं, तसं.

तो अंगणात धावला. बाळाला गवतावर ठेवून पाठ तपासली. साधा ओरखडाही नाही.

"अहो, काय झालं?" बहीण धावत आली.



तेवढ्यात बाळ रडलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा असं मोकळं. तिने त्याला छातीशी धरलं आणि तीही रडू लागली. पाळणा त्याच रात्री जाळला.

पोरगा वाढला की! तुम्ही बघताच त्याला, दारातून वाकून आत येतो.

पण त्या रात्री त्याला जिथे ठेवलं होतं, तिथे गवत येत नाही. माती बदलून पाहिली, खत घातलं. छे. डोकं, दोन हात, दोन पाय, सगळं स्पष्ट दिसतं. तेव्हा जागा एवढीशी होती, तान्ह्या बाळाएवढी.

परवा मी पाहून आलो. आता पुरुषभर लांब झालीय.