काडीचं वजन

भाडेकरू नऊ दिवसांपूर्वी सामान घेऊन गेला, फोन उचलत नाही, तेवढं कुलूप उघडून द्या, असं घरमालक म्हणाला होता. तिनं ते दीड मिनिटात उघडलं. चौकातलं किल्ल्यांचं दुकान बाबांचं, पण हल्ली कामं सगळी तीच करायची. बाबा स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांशी गप्पा हाणायचे.

दार उघडलं आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, गळक्या नळाखाली काहीतरी हललं. कुत्री होती. कुत्री कसली, नुसती हाडं. तिला बघून कुत्रीनं शेपटी एकदाच फरशीवर आपटली, तेवढीच काय ती ताकद उरली होती. घरमालक "मला काय माहीत" म्हणत मागं सरला. तिनं कुत्रीला उचललं आणि दोन गल्ल्या पलीकडच्या जनावरांच्या दवाखान्याकडं धूम ठोकली.

धावत आत शिरली ती थेट डॉक्टरांवर जाऊन आदळली. डॉक्टर दारातच उभे राहून चहा पीत होते. कपातला चहा सगळा त्यांच्या पांढऱ्या कोटावर.

"आधी हिला बघा. कोट मी धुऊन देईन," ती धापा टाकत म्हणाली.

"कोट राहू द्या. टेबलावर घ्या तिला."

सलाईन लागलं, इंजेक्शन झालं. मग डॉक्टरांनी वाटीत कालवलेलं पातळ खाणं पुढं केलं, मोजून दोन चमचे.

"दोनच? अहो, नऊ दिवसांची उपाशी आहे ती."

"म्हणूनच दोन. एकदम पोटभर घातलं तर जिवावर बेतेल. दर दोन तासांनी दोन चमचे. धीर आहे ना तुमच्याकडं?"

"नाही. पण हिच्यासाठी आणते कुठून तरी."

डॉक्टर हसले. मग त्यांनी स्टेथोस्कोपचं टोक तळहातावर घासघासून गरम केलं आणि मगच कुत्रीच्या बरगड्यांना लावलं. थंड लागू नये म्हणून. एवढंसंच ते... पण तिनं पाहिलं, आणि तिथंच सगळा घोळ झाला.

दवाखान्यातल्या मावशी कार्ड लिहायला बसल्या. "नाव काय लिहू गं हिचं?"

"काडी," ती म्हणाली. दुसरं काय सुचणार होतं?

वजन भरलं नऊ किलो. "चौदा झाली की काडी बरी झाली म्हणायची," डॉक्टर म्हणाले. "तोवर माझ्या जिवाला घोर."

पाच दिवस काडी दवाखान्यात राहिली, मग तिच्या घरी आली. पंधरा दिवसांनी वजन भरलं अकरा. डॉक्टरांचा चेहरा असा काही खुलला की ती बघतच राहिली. आता पुढची खेप पुन्हा पंधरा दिवसांनी. पंधरा दिवस म्हणजे किती असतात, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

काडीचं वजन घेण्याची एक तऱ्हा होती. काट्यावर उभी केली की काडी थरथर कापायची आणि काटाही तिच्याबरोबर नाचायचा. म्हणून आधी तिनं काडीला कडेवर घेऊन उभं राहायचं, मग एकटीनं, आणि वजाबाकी मावशींनी करायची. दुसऱ्या खेपेला तिनं कमरेचा अवजारांचा पट्टा काढून बाजूला ठेवला, काडीला टोचू नये म्हणून. काडीला खाली सोडलं आणि सवयीनं पट्टा परत बांधला. तशीच उभी राहिली काट्यावर.

मावशींनी वजाबाकी केली आणि चष्मा वर सारला. "अकराच की गं अजून."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडली. "पंधरा दिवसांत काहीच नाही? असं करा, तीन दिवसांनी या."

सिग्नलपाशी आल्यावर तिच्या डोक्यात प्रकाश पडला. पट्टा चांगला दोन किलोचा होता, आणि काडीचं वजन तेवढंच कमी भरलं होतं. परत फिरून सांगायला हवं, हे तिला कळत होतं. पाय मात्र घराकडंच चालत राहिले. तीन दिवसांनी या, असं म्हणाले होते ते. पंधरा नाही, तीन.

पुढच्या वेळी ती चूक नव्हती. त्याच्या पुढच्या वेळी तर काडीला खाली सोडल्यावर पट्ट्याबरोबर एक कुलूपही गुपचूप खिशात गेलं, मग दोन, मग तीन, कारण काडी आता खरोखरच भराभर सुटत चालली होती. तोंडानं खोटं बोलणं तिला जमत नसे. म्हणून खिशाला कामाला लावलं.

"काय घालता हिला खायला?" डॉक्टर विचारायचे.

"तुम्ही लिहून दिलंय तेच."

"बस्स? तेवढंच?"

"आणि बाबा घालतात ते."

"बाबा काय घालतात?"

"ते तुम्ही बाबांनाच विचारा. मी तेव्हा दुसरीकडं बघत असते."

डॉक्टर मान खाली घालून हसायचे, आणि चष्मा नाकावरून घसरायचा. हात अडकलेले असले की मनगटानंच वर ढकलायचे. त्या दिवसांत औषधांच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडून दोनदा हरवली. दोन्ही वेळा तिनं नवी करून दिली. "इतका वेंधळा नव्हता हा माणूस," मावशी पुटपुटल्या.

आठव्या खेपेला मात्र गणित चुकलं. घाईत खिशात एक कुलूप जास्त आलं होतं.

"दहा," मावशी हळूच म्हणाल्या.

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी काडीच्या पोटावरून दोन्ही हात फिरवले, एकदा, दोनदा. "पोट गरगरीत, आणि वजन उतरतंय. रक्ताच्या तपासण्या स्वच्छ आहेत. म्हणजे आत गाठ असणार."

"नसेल हो काही..."

"मागच्या वर्षी एका कुत्र्याच्या बाबतीत मीही असंच म्हणालो होतो. नसेल काही, आठवडाभर बघू. आठवड्यानं तो राहिलाच नाही." त्यांचा हात काडीच्या पाठीवरच होता. "पुन्हा तसं नाही होऊ द्यायचं मला. उद्या सकाळी पोट उघडून बघतो."

 तिनं बोलायला तोंड उघडलं, पण बाकावर दोन पेशंट, समोर मावशी. ती काडीला घेऊन बाहेर पडली.

दुकानात येऊन तिनं बाबांना सगळं सांगितलं. बाबा आधी पोट धरून हसले. मग हसू विरलं.

"चांगल्या जनावराला भूल देऊन कापणार तो. खरं सांग त्याला. फोनवर नको, समोर जाऊन सांग."

"मग मला तो दारातसुद्धा उभं करणार नाही, बाबा."

"नाही करणार कदाचित," बाबा म्हणाले. "पण काडी तर सुखरूप राहील."

सकाळी ती काडीला घेऊन पोचली तेव्हा सगळी तयारी झाली होती. डॉक्टरांचे डोळे लाल होते. हातात केस काढायचं यंत्र, आणि टेबलावर ठेवलेली काडी आनंदानं त्यांची हनुवटी चाटायला लागली.

"आधी वजन घ्या," ती म्हणाली.

"कालच घेतलंय."

"पुन्हा घ्या. माझं ऐका."

तिनं पट्टा सोडला आणि त्यांच्या हातात दिला. हात वजनानं खाली गेला. मग खिशातून एक, दोन, तीन... चार कुलपं काढून टेबलावर ठेवली. काडीला घेऊन काट्यावर उभी राहिली, मग एकटीनं. मावशींनी वजाबाकी दोनदा करून पाहिली.

"साडेपंधरा."

डॉक्टरांनी हातातला पट्टा टेबलावर कुलपांशेजारी ठेवला.

"म्हणजे गाठ नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही."

"आणि हे पोट?"

"ते बाबांमुळं."

डॉक्टर मटकन खाली फरशीवर बसले. काडी त्यांच्या मांडीवर चढली, आणि त्यांनी तिच्या मानेत तोंड खुपसलं. वर पाहिलं तेव्हा चष्मा ओला झाला होता.

"रात्रभर पुस्तकं उघडून बसलो होतो मी.  का केलंत असं?"

"चुकलं माझं. फार चुकलं. पहिल्यांदा नकळत झालं, नंतर मुद्दाम केलं. मला इथं यायचं होतं..."

"काडीला दाखवायला?"

तिनं मान खाली घातली. "काडीचं काय, काडी तर माझ्या घरीच असते, डॉक्टर."

मावशींना एकाएकी बाहेरची फरशी पुसायची आठवण झाली. फरशी लख्ख होती, तरी त्या बादली घेऊन गेल्या.

"मी रागावलोय," डॉक्टर म्हणाले.

"माहितीये."

"खूप रागावलोय. पण काडी धडधाकट आहे म्हटल्यावर इतका आनंद झालाय, की राग नीट येतच नाहीये."

"सावकाश येऊ द्या. मी बोलणी खाऊन घेईन."

त्यांना हसू आलं. ते उठले, कार्ड ओढलं आणि लिहायला लागले. "दीड किलो जास्त झालीये. रोज संध्याकाळी तासभर चालवायची. आणि बाबांना सांगा, बस्स आता."

"तपासायला कधी आणू?"

"काडीला? दोन महिन्यांनी."

दोन महिने... तिचा चेहरा उतरला. तेवढ्यात डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"मी साडेसहाला मोकळा होतो," ते कार्डाकडं बघत म्हणाले. "तपासायचं वगैरे काही नाही. पण मलाही यायचंय... तुमच्याबरोबर."

साडेसहा म्हटलं होतं, ती सहालाच आली. डॉक्टर आधीच दारात उभे होते, कोटाशिवाय, केस ओले करून चापूनचोपून विंचरलेले. पावसाची भुरभुर नुकतीच थांबली होती, रस्त्याला ओल्या मातीचा वास होता. चौकापर्यंत काडी मजेत चालली. मग मध्येच बसली ती बसलीच. हाका मारल्या, चुचकारलं, काही उपयोग झाला नाही. शेवटी डॉक्टरांनी तिला उचलून खांद्यावर घेतलं.

"अहो, चालवायचीये तिला," ती म्हणाली.

"उद्या चालेल." ते दोन पावलं गेले, थांबले, वळले. "उद्या याल ना तुम्ही?"

"रोज येईन," ती म्हणाली, आणि त्यांच्या मोकळ्या हातात आपला हात दिला.