विरुद्धचा रकाना

ओट्यावरून लाटणं घरंगळून खाली पडलं, तेव्हा कुठे इरावतीच्या लक्षात आलं, की सकाळपासून घरात कुणी बोललंच नव्हतं. तिच्या नवऱ्याने, निनादने, लाटणं उचललं, धुऊन तिच्या हातात दिलं आणि तो हसला. पूर्वीचा निनाद म्हणाला असता, माझ्या डोक्यात घालायला काढलंस का?

त्याच्या कानामागे संयमिका होती. मसुराच्या डाळीएवढी चकती. मनात राग, लोभ, खोटेपणा उसळू लागला, की मेंदूतली ती लाट ही चकती तिथल्या तिथे निववायची. गावात तिला सगळे ‘डाळ’च म्हणत. कानामागे डाळ आल्यापासून नगरपरिषदेत कुणाचीच डाळ शिजत नाही, हा विनोद पहिल्या वर्षी फार चालला. पुढे विनोदही थांबले.

नगरपरिषदेच्या अठरा सदस्यांत डाळ नसलेली इरावती एकटीच. लेकुरवाळीला मूल पाच वर्षांचं होईपर्यंत सूट होती, आणि तिच्या लेकीला, रेवाला, गेल्या आठवड्यात पाच पूर्ण झाली होती.

दुपारच्या सभेत ठराव आला. डाळ न बसवणाऱ्याचं सदस्यत्व रद्द. सतरा हात एकदमच वर गेले. अध्यक्ष शिरोडकरबाईंनी मायेने विचारलं, की बसवून का घेत नाहीस, दुखत नाही गं काही. तेव्हा इरावतीने आजवर कुणाला न सांगितलेलं सांगितलं. बांधकामाच्या परवानगीवर समितीतर्फे सही तिची लागायची. नाल्यावरच्या इमारतीला परवानगी दे, रेवाला शहरातल्या सगळ्यात चांगल्या शाळेत घालतो, असं एकजण घरी येऊन म्हणाला होता. तिने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी नाही म्हटलं.

“त्या तीन दिवसांची मला लाज वाटते,” ती म्हणाली. “पण चौथा दिवस माझा आहे. तो मला कुणी बसवून दिलेला नाही.”

कुणी टेबल वाजवलं नाही, कुणी उठून गेलं नाही. एरवी शेजारच्या खुर्चीवरच्या परबांनी ‘आल्या सतीसावित्री’ म्हणून हमखास टोमणा मारला असता. आज ते तिच्याकडे नुसतेच प्रेमाने बघत होते. तसेच ते खिडकीकडेही बघत.

“विरुद्ध,” ती म्हणाली आणि हात वर केला.

लिपिक गुरव इतिवृत्ताच्या वहीवर वाकून कुजबुजला, “ताई, विरुद्धचा रकाना वर्षापूर्वीच काढून टाकलाय. कुठे लिहू?”

“समासात लिहा.”

घरी निनादला आधीच कळलं होतं. त्याने चहा करून ठेवला होता. तुझा निर्णय तू घेतलास, एवढंच शांतपणे म्हणून तो टेबलावर पसरलेल्या आपल्या कामाच्या नकाशांकडे वळला. सदस्यत्व गेल्याचं दुःख तिला आता वाटलं. जरा भांड की रे माझ्याशी, असं ओठांवर आलेलं तिने चहाबरोबर गिळलं.

रेवा येऊन तिच्या मांडीला बिलगली. हाताला अजून ओला निळा रंग होता.

“बाबांच्या मोठ्या नकाशावर मी रंग सांडला,” ती हळूच म्हणाली. “ते म्हणाले, असू दे.”

इरावतीने तिचे केस मागे सारले. रेवाने बोटांवरचा निळा रंग फ्रॉकला पुसला.

“आई, बाबांनी मला माफ केलं, का त्यांना राग आलाच नाही?”