मोठ्या अक्षरांचा कॉम्प्युटर

२०१८ सालच्या मार्गशीर्षातली ही गोष्ट. जिंतूरच्या स्टँडवर तिच्या गावची, वालूरची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली, म्हणून स्वरदा समोरच्या कॉम्प्युटरच्या चिंचोळ्या दुकानात शिरली. त्याआधी दोन दुकानं पाहून झाली होती. दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच, "बजेट किती?"

इथला तरुण मात्र म्हणाला, "कोणासाठी पाहिजे?"

ती गडबडलीच. "बाबांसाठी... जन्मपत्रिका करतात ते. पण नजरेत मधोमध काळा डाग आलाय, चष्म्यानं भागत नाही. शुक्रवारी एका मुलीची पत्रिका द्यायचीय. नाही जमली तर पोथ्या बांधून ठेवणार म्हणायलेत... कायमच्या." मग हळूच, "अठरा हजारांत बसवा."

"मग पैसे पडद्यावर घालू. मोठा, नवाकोरा. कॉम्प्युटरचा डबा जुना घ्या, मी स्वतः साफ केलेला."

"जुना? बिघडला तर?"

"तर मला बोलवा." तो हसला. "न्हाई बिघडला तरी बोलवा."

पावतीवर नाव होतं श्रीनिधी. गाडीत तिनं ती पावती उगाचच चारदा वाचली.

सोमवारी कॉम्प्युटर आला, बाबांनी, म्हणजे दत्तोपंतांनी, त्याची यथासांग पूजा केली. आणि बुधवारी तो घरघरला नि आपोआप बंद पडला. एकदा, दोनदा, तीनदा.

"गोड बोलून भंगार मारलं की गं गळ्यात!" कुसुमआत्या कडाडल्या.

दत्तोपंत एवढंच म्हणाले, "राहू दे, पोरी." उद्याचा एकच दिवस उरला होता. आणि ते हसणं... तेही धंद्याचंच होतं का? तिनं श्रीनिधीला फोन लावला.

"उद्या सकाळीच येतो," एवढंच तो बोलला.

गुरुवारी धुळीनं माखून तो मोटारसायकलवरून उतरला. डबा उघडला, चिमट्यानं पंख्यातून काहीतरी ओढलं. तांदळाचे दाणे! कुंकवानं लाल झालेले. पूजेत दत्तोपंतांनी अंदाजानं ओंजळभर अक्षता टाकल्या होत्या, त्या जाळीतून थेट पंख्यात गेल्या होत्या. पंखा अडला, डबा तापला, बंद पडला.

दत्तोपंतांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच..."

"न्हाई काका, चूक माझीय," श्रीनिधी पटकन म्हणाला. "जाळी बारीक बसवायला पाहिजे होती मी."

तो खोटं बोलतोय, हे स्वरदाला कळलं. आणि आपलं काय झालंय, तेही.

डबा सुरू झाला. "पत्रिकेचा प्रोग्रॅम तपासायला दोन जन्मतारखा लागतील," श्रीनिधी म्हणाला. "एक जिंतूरच्या एका मुलाची टाकतो. दुसरी... तुमी सांगा."

स्वरदानं पदराशी चाळा केला. मग खाली बघतच एक तारीख सांगितली.

दत्तोपंत पडद्याशी वाकले. बोटाएवढी अक्षरं होती.

"छत्तीसपैकी अकरा गुण."

"कमी हायेत का, काका?" श्रीनिधीनं विचारलं.

"लय कमी." ते ताठ झाले. डोळ्यांत पाणी होतं. "पण वाचता आले मला! आता त्या मुलाचं नाव सांग. मुलगी कोण ते विचारत न्हाई. माझ्या लेकीची तारीख मला पाठ हाय."

स्वरदा आत पळाली. मागून ऐकू आलं, "हिच्या आईचे नि माझे नऊच जुळले होते. कोणाला सांगितलं न्हाई आजवर."

शुक्रवारची पत्रिका वेळेवर गेली. वैशाखात स्वरदा नि श्रीनिधीचं लग्न झालं. कुसुमआत्या लग्नात सगळ्यांत पुढे मिरवल्या. तीन वर्षांनी त्या गेल्या. दत्तोपंतांनी लग्नानंतर चार वर्षं पत्रिका केल्या, मग नजर पुरतीच गेली. आता दर गुरुवारी स्वरदा वालूरला येते. ते तोंडी सांगतात, ती टाइप करते. आणि श्रीनिधी लेकीला मांडीवर घेऊन ओसरीत बसतो, जेवायची हाक कधी येते याची वाट बघत.