भिंतीवरचा घास

जांबाच्या झाडाखाली काहीच पडलेलं नव्हतं.

गुजरीच्या बाजारात एक हवेची बंदूक विकायला आली होती. दस्त्यावर कुणीतरी चाकूनं नाव कोरून पुन्हा खरवडलेलं.

तांदळाची खळ. कोमट. बोटांना चिकटणारी.

मुलगी जेवताना मान तिरपी करते.

फट्.

हे तुकडे एकाच घरातले आहेत, आणि हे सगळं घडलेलं आहे. बनवूनच सांगायचं असतं तर शेवट तरी नीट केला असता.

घर नागपुरातलं, सक्करदऱ्याच्या तलावाजवळ. साल एकोणीसशे चोपन्न. माघातली पहाट.

घर विणकराचं. बाबनराव हातमागावर लुगडी विणायचे. एकुलती लेक प्रेमिला. तिचं लग्न फाल्गुनात ठरलेलं. लेकीचं लग्नाचं लुगडं बापाच्याच मागावरून उतरायचं, ही त्या घरची रीत. सूत जपून जपून जमवलेलं. तुटलं तर दुसरं नव्हतं.

विणायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावावी लागते. मागच्या बागेत, जांबाच्या म्हणजे पेरूच्या झाडापासून कडुनिंबापर्यंत धागे ताणायचे, खळ चोपडायची आणि ऊन तापायच्या आत वाळवायचे. खळीच्या वासानं पाखरं येतात. ओल्या ताण्यावर बसतात. नख्यांनी धागे तुटतात.

त्यावर घरात जुनाच तोडगा होता. खळीचा पहिला घास बागेच्या भिंतीवर ठेवायचा. पाखरं तिथं खातात, ताण्याकडे फिरकत नाहीत. पण एकदा घास ठेवला की त्या दिवशी एकाही पाखराला हाकलायचं नाही. हातसुद्धा उगारायचा नाही.

ती पाहुणी.

घास ठेवायचं काम बाबनरावांच्या बायकोचं, अनुसयाचं. त्या वर्षी अनुसया तापानं पडली होती.

"घास कोण ठेवीन जी?" तिनं खाटेवरूनच विचारलं.

"घास काहून पाहिजे? बंदूक आणली ना मी."

"बंदूक? पाखरायले?"

"मंग काय वाघाले? झोप तू."

पहाटे बाप-लेकीनं मिळून खळ लावली. उजाडलं तशी प्रेमिला पातेलं घेऊन आत गेली. बाबनराव कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून बसले. मांडीवर बंदूक.

एक बुलबुल आला.

ताण्यावर नाही बसला. भिंतीवर बसला. खाली मान घालून काहीतरी टिपू लागला.

फट्.

छर्रा लागला, हे बाबनरावांनी डोळ्यांनी पाहिलं. डाव्या पंखाखाली. एक पीस हवेत उडालं. पाखरू भिंतीवरून कलंडलं...

आणि खाली पडलंच नाही.

त्यांनी भिंतीच्या अलीकडे पाहिलं. पलीकडे पाहिलं. नाली पाहिली, झुडपं काठीनं उलटीपालटी केली.

पीससुद्धा नव्हतं.

आवाजानं शेजारचा कवडू भिंतीवरून डोकावला.

"काय गा बाबनराव, शिकारी झाला काय? सांगायचं ना, हत्ती आणला असता तुह्यासाठी!"

"तुह्याकडे पडला का पाहय बरं. बुलबुल होता."

कवडूनं खाली पाहिलं. वर पाहिलं.

"नाही ना गा. खिशात घालून पळाला का छर्रा?"

तो एकटाच हसला.

प्रेमिला दारात येऊन उभी होती. "काय मारलं, बाबा?"

"काई नाही."

ती भिंतीकडे पाहत राहिली. मग आत गेली.

त्या दिवसापासून बागेत पाखरू आलं नाही.

आधी बाबनरावांना बरंच वाटलं. मग जांब पिकले. पिकून गळले. खाली सडा पडला... आणि एकाही जांबाला चोच लागलेली नव्हती. कडुनिंबाच्या पानांवर अळ्या चढल्या, त्या टिपायला कुणी आलं नाही. सकाळ व्हायची, पण तिचा आवाज व्हायचा नाही.

ताणा मागावर चढला. माग खड्ड्याचा. विणणारा जमिनीवर बसतो, पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या फळ्यांवर. धोटा इकडून तिकडे. खट्ट. तिकडून इकडे. खट्ट.

पहिल्याच दिवशी, भर दुपारी, डाव्या पावलाला काहीतरी टेकलं...

मऊ. ऊबदार.

बाबनरावांनी पाय वर घेतला. वाकून पाहिलं. खड्डा कोरडा, रिकामा.

पाय पुन्हा खाली सोडला. ते तिथंच होतं. मुठीएवढं. पावलाला टेकून... धडधडत होतं.

मेलेलं नव्हतं.

त्यांनी कुणाला सांगितलं नाही. लग्न तोंडावर आलेलं. ते विणत राहिले. खाली ते धडधडत राहिलं. हळूहळू सवय झाली. मग तर पाय हलवताना ते चेंगरू नये म्हणून जपायलाही लागले.

लुगडं मागावरून उतरलं त्या दिवशी त्यांनी पाय खड्ड्यात सोडला...

काहीच नव्हतं.

लग्न दारातच लागलं. प्रेमिला ते लाल लुगडं नेसून उभी राहिली. अक्षता पडल्या. मांडव उठला. एरवी लग्नघरच्या अंगणात चिमण्यांची झुंबड उडते. इथं तांदूळ दुसऱ्या दिवशीही तसेच पडून होते. शेवटी अनुसयानं झाडून घेतले.

प्रेमिला भिवापूरला नांदायला गेली. मिरच्यांच्या तोडणीत जावई तिला बैलगाडीनं परत घेऊन आला. वसंत त्याचं नाव. भला पोरगा.

"मामाजी, इले लहानपणी काई झालं होतं का?"

"काहून गा?"

"बोलत नाही. ताटातलं खात नाही. पहाटपासून अंगणातल्या भिंतीपाशी उभी राहते. आन् पाहते ते..." त्याला सांगता येईना. त्यानं मान तिरपी करून एका डोळ्यानं पाहून दाखवलं.

बाबनराव उठून गाडीचे बैल सोडायला गेले.

संध्याकाळी अनुसयानं लेकीला न्हाऊ घातलं. न्हाणीतून तिनं हाक मारली. "अहो... इकडं या जी."

प्रेमिलाच्या डाव्या काखेखाली एक खूण होती. गोल. छर्ऱ्याएवढी. रक्त नाही, पू नाही. दुखतं का विचारलं तर तिनं मान तिरपी केली.

डॉक्टर झाले. मांत्रिकही झाला. बंदूक बाबनरावांनी तलावात टाकली.

काही बदललं नाही.

वसंतनं वाट पाहिली, मग तो यायचा थांबला. त्याला कुणी दोष दिला नाही.

एवढंच कळलं, की घास बागेच्या भिंतीवर ठेवला तर ती खाते. ठेवून आत यावं लागतं. दार ओढून घ्यावं लागतं. थोड्या वेळानं पाहिलं तर घास संपलेला असतो, आणि प्रेमिला भिंतीपासून लांब, कडुनिंबाखाली बसलेली असते.

भिंतीपर्यंत जाताना तिला कुणी पाहिलेलं नाही.

ती खूण भरली नाही. बाबनराव वारले त्या दिवशीही ती तशीच होती, ओली. पुढं घरात अनुसया आणि ती दोघीच. रोज सकाळी घास, मग दार. दाराआड उभी राहून अनुसया ऐकायची... आधी काहीच नाही. मग दगडावर बारीक टकटक.

बंदुकीचा आवाज झाला त्या पहाटे, आई तापात होती म्हणून, बापाला न सांगता, खळीचा पहिला घास प्रेमिलानं भिंतीवर ठेवला होता.