सहा बाराची हजेरी

आधीच सांगते, यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. रचायचंच असतं तर स्वतःला एवढं वाईट दाखवलं नसतं.

आणि यात रात्र वगैरे काही नाही. हे घडलं सकाळी, लख्ख उजेडात, उंगारानच्या आमच्या कपड्यांच्या फॅक्टरीत. वार शुक्रवार, तोही क्लिवोनचा, आमच्याकडे भुताखेतांचा मानतात तो. या शुक्रवारी तिन्हीसांजेला आई आम्हाला उंबरा ओलांडू द्यायची नाही. सकाळबद्दल मात्र ती कधी काही बोलली नव्हती.

मी एंडा. भरतीच्या टेबलावर बसते. फाटकावर पाटी लागते ना, 'शिलाई कामगार पाहिजेत, वय जास्तीत जास्त तीस', ती माझ्याच हातची.

मी स्वतः एक्केचाळीसची आहे.

वारसिती माझ्याहून एका वर्षानं मोठी. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मी तिला 'यू' म्हणायचे. एकोणीस वर्षांची असताना मी पहिल्यांदा मशीनवर बसले, ती तिच्याच शेजारी. कॉलर कशी उलटायची, टोक कसं काढायचं, सगळं तिनं शिकवलं. पुढं मी या फॅक्टरीत कागदांच्या कामाला लागले. ती तिथंच कॉलर शिवत राहिली.

मग तिची फॅक्टरी बंद पडली.

दोन वर्षांपूर्वी ती अर्जाचं तपकिरी पाकीट घेऊन माझ्या टेबलासमोर आली. एकदा नाही, तीनदा.

"यू, पाटी वाचलीस ना?" मी म्हटलं.

"वाचली की. चष्म्याशिवाय वाचली." ती हसली. मग दोन्ही पंजे टेबलावर पसरले. "हात बघ गं माझे. जन्मतारीख काय बघत बसलीस?"

मला 'नाही' म्हणवेना. शिकवणाऱ्या हातांना नाही कसं म्हणायचं? म्हणून मी अक्कल पाजळली.

"धाकटीचं ओळखपत्र आण. मुर्तिनीचं. चेहरेपट्टी एकच आहे तुमची, आणि तू अशी शेलाटी. त्या फोटोत कोण कुणाला ओळखतंय!"

ती आधी हसली. दुसऱ्या दिवशी घेऊन आली.

हजेरीच्या मशीनवर तिचं बोट मीच टेकवलं. त्या मशीनला बाईचा आवाज आहे. बोट जुळलं की म्हणतं, 'धन्यवाद'. नाही जुळलं की म्हणतं, 'पुन्हा बोट ठेवा'.

"धन्यवाद," मशीन म्हणालं. आणि वारसिती मुर्तिनी झाली. वय सत्तावीस.

दोन वर्षं तिनं ते वय निभावलं. केस काळे केले. चष्मा घरी ठेवला. गुडघे दुखायचे, तर आडोशाला जाऊन तेल चोळायची. पोरी तरी सोडतात का?

"काय गं मुर, तुझ्या गुडघ्यांचं लग्न तुझ्याआधी झालं वाटतं!"

ती पण हसायची. एकदा डबा खाताना मला हळूच म्हणाली, "एंडा, इथं कुणी मला माझ्या नावानं हाक मारत नाही बघ. तू तरी मार की एकदा."

"इथं नको, यू. भिंतीला कान असतात."

मी भित्री. आजही आहे.

मग एका शुक्रवारी सकाळी ती मशीनवरच डोकं धरून बसली. मीच तिला फॅक्टरीच्या दवाखान्यात नेलं. नर्सनं कागद बघितला आणि हसली.

"एकोणतीस वर्षांची, आणि बीपी कसलं? ऊन लागलंय. गोळी घे, पाणी पी आणि जा कामाला."

यूला बीपी होतं. मला माहीत होतं. तिचं खरं वय मला माहीत होतं. ती नर्सकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

मी तोंड उघडलं असतं, तर माझी नोकरी गेली असती.

मी नाही उघडलं.

ती तिसऱ्या प्रहरी गेली. मशीनवरच. अर्धी कॉलर सुईखाली होती.

गावात तिला तिच्याच नावानं मूठमाती मिळाली. फॅक्टरीच्या कागदावर मात्र मुर्तिनी मेली. ते कागद मीच भरले. हजेरीच्या मशीनमधून तिचं बोटही मीच काढलं.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे क्लिवोनच्या, मी लवकर आले. फाटकावर वॉचमन पाक सुगेंग एकटेच कॉफी पीत बसले होते. आत दिवे लागले नव्हते. मी जिन्यापाशी पोचले आणि…

"धन्यवाद."

मशीनसमोर कुणीच नव्हतं.

तेलाचा वास मात्र होता. गुडघ्याला चोळायच्या तेलाचा… ताजा.

मी टेबलावर जाऊन यादी उघडली. मुर्तिनी, सहा बारा. हजर.

वाटलं, मशीन बिघडलं. दुरुस्तीला माणूस बोलावला. त्यानं उघडून बघितलं, म्हणाला, ठणठणीत आहे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा बारा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज मी तिचं नाव पुसायचे, रोज ते परत यायचं.

त्याच आठवड्यात खरी मुर्तिनी आली. यूसारखीच पाकीट छातीशी धरून.

"बू," इथं बाईंना म्हणतात तसं ती म्हणाली, "मी मेलेय म्हणे."

"काय?"

"जिथं जाते तिथं नोंदणीत नाव घालतात आणि माझ्या तोंडाकडं बघतात. ही बाई वारली म्हणतात. मी काय भूत आहे का, बू? पुढच्या महिन्यात तिशी भरतेय. मग कोण उभं करणार मला? एक कागद लिहून द्या फक्त. गेली ती माझी यू होती, एवढंच."

एवढंच! त्या कागदावर माझी सही आली की मी बाहेर. आणि एक्केचाळीसच्या बाईला कोण घेतं? मला कुणी सांगायची गरज नाही. पाटी मीच लिहिते.

"कळवते," मी म्हटलं.

तो शब्द मी रोज वीस जणांना ऐकवते. त्याचा अर्थ तिलाही माहीत होता. ती उठली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी मशीनसमोर जाऊन उभी राहिले. घड्याळात सहा बारा झाले. तेलाचा वास आला… अगदी खांद्यापाशी.

"यू वारसिती," मी हळूच म्हटलं, कुणी ऐकू नये अशा आवाजात. "घे, मारली तुला नावानं हाक. आता जा गं. माफ कर मला."

मग मशीन बोललं.

"पुन्हा बोट ठेवा."

वास गेला. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू? त्या दिवशी यादीत मुर्तिनी नव्हती. परत कधी आलीच नाही.

मात्र दुसऱ्या दिवशी मी सात वाजता पोचले, तर पाक सुगेंग माझ्याकडे बघतच राहिले.

"बू एंडा? तुम्ही तर मघाशीच आत गेलात की!"

"मी? आत्ता येतेय मी."

"मग मी सलाम कुणाला केला?"

मी मशीनवर बोट ठेवलं. 'पुन्हा बोट ठेवा.' दुसरं बोट ठेवलं. 'पुन्हा बोट ठेवा.'

यादी उघडली.

एंडा प्रास्तीवी, सहा बारा. हजर.

याला आता चार महिने झाले. रोज सहा बाराला माझी हजेरी लागते. मी घरातून निघालेलीही नसते. साहेब खूश आहेत. म्हणतात, या वयात एवढी वेळेवर येणारी बाई बघितली नाही.

मुर्तिनीचं पत्र मी लिहून ठेवलंय. खणात आहे. फक्त सही राहिलीय. तिची तिशी उलटली. परवा ती पुन्हा येऊन गेली. मी म्हटलं, कळवते.

काल सकाळी टेबलावर बसल्या बसल्या माझं डोकं गरगरलं. दोघींनी धरून दवाखान्यात नेलं. नर्स तीच. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसता माझ्या नावाचा कागद बघितला. आणि हसली.

"एकोणतीस वर्षांची, आणि बीपी कसलं?"

मी आजूबाजूला बघितलं… खरं वय सांगेल असं कुणीतरी असेल म्हणून.

दारात कुणीच नव्हतं. तेलाचा वास तेवढा होता.