मेजावर ठेवलेला शिक्का

ब्रह्मदेशातल्या इरावतीच्या पात्रावरून धुके वर चढत होते आणि तौंगझिनचा जुना विटांचा कोट त्यात असा बुडाला होता की चार बुरुजांचे माथे तेवढे वर उरले होते. कोटाच्या पूर्वेस खंदक, पश्चिमेस नदी, आणि खंदकापलीकडे कोसभरावर इंग्रजी फौजेचे मोर्चे. त्या मोर्चांत गोरे होते, गुरखे होते, आणि हो, सातारा-कोल्हापूरकडची आपली माणसेही होती. पण ही हकिकत तटाच्या आतल्यांची आहे. आत जपानी शिबंदी होती. सातशे जण कसेबसे उभे राहू शकत होते, अकराशे हिवतापाने आणि हगवणीने आडवे झाले होते, आणि कोठारात चार दिवसांचा तांदूळ होता.

या शिबंदीचे सेनापती लेफ्टनंट जनरल हिनोकी तादाओमी पश्चिम बुरुजावर उभे होते. चौतीस वर्षांची चाकरी, मांचुरियाच्या बर्फात गमावलेली पायाची दोन बोटे, छातीवर बादशहाने दिलेली पदके. तोफेच्या तोंडीही ज्याची पापणी लवली नाही असा हा गडी त्या सकाळी घाबरला होता. कशाला? माघारीची परवानगी मागायला! नदी ओलांडून अठराशे माणसे वाचवायची तर ती मागावी लागणार होती, आणि ज्यांच्यापाशी मागायची ते सरलष्कर जनरल ओगुशी त्याच दिवशी कोटाची पाहणी करायला येणार होते.

त्या फौजेची रीतच तशी होती. माघार हा शब्द सेनापतीने तोंडाने उच्चारायचा नाही. पोटातले ओठावर न आणता समोरच्याने ते चेहऱ्यावरून ओळखायचे, आणि ओळखले तरी ओळखल्याचे दाखवायचे नाही. शांततेच्या काळात ही रीत मोठी भारदस्त वाटे. उपाशी शिबंदीच्या जिवावर ती कशी उठते, हे हिनोकींना त्या दिवशी कळले.

ओगुशी आले. चहा झाला. हिनोकींनी त्यांना मुद्दाम दवाखान्याच्या पडवीतून नेले, तिथल्या दुर्गंधीने सरलष्करांनी नाकाला रुमाल लावला.

"सैनिकांची हिंमत उत्तम दिसते," ओगुशी म्हणाले.

"आपल्या कृपेने."

"आपल्याला काही सांगायचे आहे का, हिनोकी?"

विचारले होते हो! प्रत्यक्ष विचारले होते! आणि हिनोकींनी तोंडात मिठाची गुळणी धरली. आपला चेहरा ते वाचतील अशी त्यांना आशा, आणि हिनोकी बोलतील अशी ओगुशींना. दोघे मानकरी एकमेकांकडे पाहत बसले, चहा निवला, आणि सरलष्कर मोटारीत बसून निघून गेले.

"काय ठरले, साहेब?" फाटकापाशी कर्नल तोमारी शिगेओ यांनी विचारले. हे हिनोकींचे मुख्य कारभारी, नऊ वर्षे सावलीसारखे बरोबर राहिलेले.

"काही नाही."

"मग आपणच हुकूम द्यावा. उद्या सकाळीही धुके पडेल. नावा मी गोळा करून ठेवल्या आहेत."

 हिनोकी आपल्या दालनात गेले, मेजाच्या खणातून स्वतःचा शिक्का काढला, तो मेजावर ठेवला, आणि तोमारींच्या देखत दार उघडे टाकून बुरुजावर चालते झाले. त्या शिक्क्याचा ठसा उठला की कागद सेनापतीचा हुकूम होई. तोमारींना वेगळे सांगायची गरज नव्हती. त्यांनी हुकूम लिहिला आणि शिक्का उमटवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून दोन प्रहरांपर्यंत आजाऱ्यांना पाठुंगळीला मारून, झोळ्यांत घालून माणसे नदीपार झाली. शत्रूला कोट भरलेलाच वाटावा म्हणून तोमारी स्वतः चाळीस बंदुका घेऊन पूर्व दरवाजावर उभे राहिले. या बुरुजावरून त्या बुरुजावर धावत त्यांनी अशी काही सरबत्ती चालवली की इंग्रज दुपारपर्यंत खंदकापुढे सरकले नाहीत. चाळिसांतले नऊ परत आले. त्यांच्यात तोमारी होते, खांद्यातून रक्त गळत असलेले, आणि चक्क हसत होते.

हे सारे हिनोकींनी पाहिले. थांबवले नाही, शाबासही म्हटले नाही.

आठवड्याने लष्करी न्यायासन बसले. कोट सोडला कोणी, याचा जबाब वर द्यायचा होता. ओगुशींचे अधिकारी समोर बसले आणि हिनोकींना मानाने खुर्ची देऊन विचारले गेले, "हा हुकूम आपला?"

"नाही."

"शिक्का आपण कर्नलांच्या हाती दिला होता?"

हाती दिला नव्हता. मेजावर ठेवला होता. चौतीस वर्षांची अब्रू त्या एवढ्याशा फटीतून सहीसलामत निसटू शकत होती, आणि हिनोकी निसटले.

"नाही दिला."

तोमारींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत राग असता तर हिनोकींना सोसवला असता. तोमारी वाकले आणि म्हणाले, "सेनापतिसाहेब खरे सांगत आहेत. शिक्का मी उचलला." तिसऱ्या दिवशी त्यांना गोळ्या घातल्या, आणि नियमाप्रमाणे वरिष्ठ म्हणून हिनोकींना तिथे खुर्चीवर बसून हजर राहावे लागले.

लढाई हरली, फौज मोडली, पदकांना कोणी विचारीना. हिनोकी गावी मुळ्यांचे वाफे राखीत राहिले आणि कोणी "जनरलसाहेब" म्हटले की शरमेने मेल्याहून मेल्यासारखे होऊन आत जात. अकराव्या वर्षी तोमारींची विधवा किनु दारात येऊन उभी राहिली.

"आमच्या गावात लढाईत पडलेल्यांचा दगड उभा केलाय," ती म्हणाली. "ह्यांचे नाव त्यावर घेत नाहीत. शिक्का चोरणारा म्हणतात."

"मी लिहून देतो, बाईसाहेब. आत्ता देतो."

"कागद नको. गावासमोर येऊन तोंडाने सांगा."

 त्यापेक्षा तौंगझिनचा वेढा परवडला! पण हिनोकी गेले.

दगडाभोवती साठ-सत्तर माणसे जमली होती. त्यांत दोघे-तिघे त्या धुक्यातून पाठुंगळीवर पार झालेलेही होते. हिनोकींनी टोपी काढली. "शिक्का कर्नल तोमारींनी चोरला नाही," ते म्हणाले. "त्यांनी वापरावा म्हणून मीच तो मेजावर ठेवला. हुकूम मी द्यायचा होता, मी भ्यालो. न्यायासनापुढे मी स्वतःचा जीव आणि नाव वाचवले."

 पुढे चटईवर तोमारींची म्हातारी आई बसली होती. तिने मान वर केली.

"माझ्या शिगेओला मारला तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"तिथेच होतो, आई," हिनोकी पुटपुटले.

"मोठ्याने बोला. मला ऐकू कमी येते."

त्यांनी श्वास घेतला आणि साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात, परेडवर हुकूम सोडावा तसे, ते ओरडले, "तिथेच होतो! खुर्चीवर बसलो होतो!"